दगडात अडकलेलं पाणी आणि आमच्या सोसायटीचा टँकर

ज्यांना लोकलमध्ये रेंज मिळत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे "अं... म्हणजे..." झालं ते काढलंय. मधे घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, त्याही काढल्यात. बाकी जवळपास तसंच आहे.

मी पनवेलला राहतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सगळा साठवला तर एका मजल्याएवढं पाणी उभं राहील. आणि दर मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज पाण्यात आडवा तरंगत होता, ते मला अजून दिसतं. त्याच गावात आता "पाणी जपून वापरा"चा मेसेज ग्रुपवर येतो.

यंदा सोसायटीने ठरवलं की कायमचा उपाय करायचा. छतावरचं पाणी साठवायची मोठी टाकी, आणि बोअरवेलमध्ये पाणी मुरवायची सोय. एका सल्लागाराने रिपोर्ट दिला. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, जरा हिशेब तपासून दे," असं म्हणत सेक्रेटरी काकांनी तो माझ्या गळ्यात मारला. रिपोर्टमध्ये गेल्या वीस वर्षांच्या पावसाची सरासरी घेतली होती, आणि वाईटात वाईट म्हणून त्यातलं सगळ्यात कमी पावसाचं एक वर्ष.

मी रोज सर्व्हरच्या लॉगमध्ये डोकं घालून बसतो. आमच्याकडे लॉग तीस दिवस ठेवतात, नंतर पुसतात. आणि प्रत्येक नवीन माणूस एकदा तरी ही चूक करतो: तीस दिवसांचा लॉग बघतो, त्यात सर्व्हर पडलेला दिसत नाही, आणि म्हणतो, हा सर्व्हर कधी पडतच नाही. वीस वर्षांचा पाऊस बघून मला तेच आठवलं. मग विचार केला, पावसाचा लॉग मागे किती जातो?

तर, हवामान खातं सुरू झालं १८७५ साली. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे पाषाणच्या त्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, देशभराच्या मान्सूनच्या आकड्यांची जी सलग मालिका तयार केली ती १८७१ पासूनची. दीडशे वर्षं. त्याच्या मागे काय? बखरी, महजर, फकिरांच्या आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या नोंदी. आणि दगड.

आज दगडाबद्दल बोलायचंय.

आधी एक घोळ मिटवू. पनवेलच्या माणसाला "गुहा" म्हटलं की घारापुरी आठवते, किंवा कार्ला. त्या लेणी आहेत. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या, आणि त्याही बेसाल्टमध्ये. आपला सगळा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळकासुद्धा. (भूगर्भशास्त्रात आपल्या गावाच्या नावाची एक गोष्ट आहे बरं का, "पनवेल फ्लेक्शर". लाव्ह्याचे थर इथे समुद्राच्या बाजूला वाकलेत. विमानतळाच्या आधी जगात पनवेलचं नाव होतं ते यामुळे, असं मी मित्रांना सांगतो. कुणाला फारसं कौतुक वाटत नाही.) आपल्याला हवी ती गुहा मात्र पाण्याने विरघळवून तयार होते, आणि त्यासाठी चुनखडी लागते. ती कोकणात नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे आहे, म्हणून तर तिथे सिमेंटचे कारखाने. त्याच्या पलीकडे बस्तरमध्ये भरपूर आहे, आणि मेघालयात तर डोंगरच्या डोंगर आहेत.

गुहेत काय होतं ते समजायला तुमचा गिझर पुरेसा आहे. बोअरवेलच्या पाण्यावर गिझर चालवत असाल तर कॉइलवर पांढरा, खरखरीत थर बसतो. प्लंबर त्याला क्षार म्हणतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. गुहेत हेच घडतं, फक्त गरम न करता आणि भयानक सावकाश. पावसाचं पाणी मातीतून खाली जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडी विरघळवत खाली जातं. गुहेच्या छताला थेंब लोंबकळतो, गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून थेंबातला वायू बाहेर निसटतो. सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखं. वायू गेला की चुना पाण्यात मावत नाही, तो तिथेच बसतो. छतावरून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. शाळेच्या भूगोलात हे पाठ केलेलं आठवत असेल. नाव लवणस्तंभ असलं तरी त्यात मीठ नसतं.

हा स्तंभ शंभर वर्षांत काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर वाढतो. उभा चिरला की आत झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. वय काढायलाही त्याच्यात घड्याळ असतं: युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे नवीन थर बसतो तेव्हा त्यात युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यातच जमा. पुढे युरेनियमचं थोरियम होत जातं. थोरियम किती साठलं ते मोजा, थर कधीचा ते कळतं. ही पद्धत साधारण सहा लाख वर्षांपर्यंत चालते.

आता खरी गंमत. ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे, आणि साधारण पाचशेत एक १८ वजनाचा. जड ऑक्सिजन असलेलं पाणी आधी पडून जातं. आणि आपल्याकडे ठोबळ नियम असा, की जिथे जोरदार, भरपूर पाऊस होतो तिथल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं. ते पाणी गुहेत ठिबकतं, दगडात ऑक्सिजन बसतो. म्हणजे दगडातला जड ऑक्सिजन मोजला की त्या वर्षीचा पाऊस कळला. झालं काम!

नाही झालं. दगडात किती जड ऑक्सिजन बसणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, थेंबाचं पाणी कसं होतं. दोन, गुहेचं तापमान किती होतं. गुहा एका अंशाने गार झाली की दगडातला आकडा दर हजारी सुमारे ०.२ ने वाढतो. मग दगडाचा आकडा बदललेला दिसला तर तो पाऊस बदलला म्हणून, की थंडी वाढली म्हणून? समीकरण एक, अज्ञात दोन. आठवीच्या मुलालाही माहीत आहे की हे सुटत नाही.

दुसरं समीकरण दगडाच्या पोटातच असतं. स्फटिक वाढताना त्यांच्या मधे बारीक फटी राहतात, आणि त्या वेळचं ठिबकणारं पाणी त्यात कोंडलं जातं. वरून पुढचा थर बसतो आणि झाकण बंद. लवणस्तंभाचा जो भाग दुधाळ, पांढरट दिसतो त्यात असे लाखो कप्पे असतात, डोळ्यांना न दिसणारे. आणि त्यात त्या वर्षीचं पाणी. पावसाच्या खुणा किंवा परिणाम नव्हेत. मातीतून झिरपून आलेला तोच पाऊस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. एखाद्या डिलीट झालेल्या डेटाबेसचा कुणीतरी बॅकअप ठेवलाय असं कळल्यावर होतं तसं.

किती पाणी? एक ग्रॅम दगडात साधारण एक मिलिग्रॅम, बऱ्याचदा त्याहूनही कमी. डोळ्यात घालायच्या औषधाच्या एका थेंबाचा पन्नासावा भाग. ते काढायचं कसं? दगडाचा तुकडा बंद नळीत ठेवतात, नळी शंभर अंशाच्या वर तापवलेली असते, आणि आतल्या आत तुकडा चिरडतात. पाण्याची वाफ होते, ती वायूच्या प्रवाहाबरोबर यंत्रात जाते, आणि यंत्र जड-हलक्या अणूंचं प्रमाण सांगतं. बाहेरच्या हवेतला दमटपणा आत शिरला तर सगळं मुसळ केरात, कारण आपल्या नमुन्यापेक्षा खोलीतल्या हवेतच पाणी जास्त. हे काम पनवेलच्या जुलैमध्ये करायचं म्हटलं तर मला घामच फुटेल.

यात आणखी एक अडचण आहे. कप्प्यात बंद असलेलं पाणी हजारो वर्षं दगडाला टेकून बसलेलं असतं. पाण्यात ऑक्सिजन, दगडातही ऑक्सिजन. शेजारी राहून देवाणघेवाण होऊ शकते, मग पाण्याचा ऑक्सिजन मूळचा राहिला की नाही याची खात्री कोण देणार? १९७६ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले हेन्री श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली, आणि ती मला फार आवडते. कॅल्साइटमध्ये हायड्रोजन नसतोच. त्यामुळे पाण्यातला हायड्रोजन कुणाशी अदलाबदल करणार? तो जसाच्या तसा राहतो. मग हायड्रोजनचा आकडा मोजायचा. आणि १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी जगभरच्या पावसाचं पाणी मोजून दाखवलं होतं की जड हायड्रोजनचा आकडा साधारण जड ऑक्सिजनच्या आकड्याच्या आठपट अधिक दहा असतो. म्हणजे हायड्रोजनवरून मूळ ऑक्सिजन उलटा काढता येतो. त्यावरून तापमान सुटतं, आणि पाऊसही.

दुसरी एक पद्धत तर जादूच्या प्रयोगासारखी आहे. कप्पा बंद झाला तेव्हा तो गुहेच्या तापमानाला काठोकाठ भरलेला होता. गुहेचं तापमान म्हणजे बाहेरची वर्षभराची सरासरी. आता प्रयोगशाळेत तो दगड गार केला की आतलं पाणी आकसतं आणि खरं तर बुडबुडा यायला हवा. पण जागा इतकी लहान की पाणी ताणलेलं राहतं, बुडबुडा येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला इव्ह क्रूगर आणि मंडळींनी काय केलं, लेसरचा एक अतिसूक्ष्म झटका त्या कप्प्यावर मारला. बुडबुडा आला. मग सूक्ष्मदर्शकाखाली दगड हळूहळू गरम करत गेले आणि बुडबुडा कधी नाहीसा होतो ते बघितलं. थोडी दुरुस्ती केली की तेच त्या काळच्या गुहेचं तापमान. तापमापक कुणी ठेवला नव्हता, पाण्यानेच लक्षात ठेवलं. याच रीतीने बोर्निओतल्या लवणस्तंभांवरून कळलं की गेल्या हिमयुगाच्या भरात तिथली जमीन आजच्यापेक्षा सुमारे चार अंशांनी गार होती. विषुववृत्तावर! आपण समजतो तिथे कायम एकच ऋतू.

मग आपल्या गुहांचं काय? खरं सांगायचं तर आपल्याकडच्या ज्या प्रसिद्ध नोंदी आहेत त्या अडकलेल्या पाण्यावरून नव्हे, दगडातल्या ऑक्सिजनवरून काढलेल्या आहेत. मान्सूनच्या प्रदेशात गेल्या हजार वर्षांत तापमान फार हललेलं नाही आणि पाऊस भरपूर हललाय, त्यामुळे ते एक समीकरण बऱ्यापैकी चालतं. हजारो वर्षं मागे गेलात, किंवा पाऊस अरबी समुद्राचा होता की बंगालच्या उपसागराचा असं विचारलंत, की पाण्याशिवाय अडतं.

आपल्याला सगळ्यात जवळची नोंद आहे आकळगवी गुहेची. उत्तर कन्नड जिल्हा, म्हणजे कारवार-दांडेली. आपल्याच सह्याद्रीची पुढची रांग. अहमदाबादच्या पीआरएलचे मधुसूदन यादव आणि आर. रमेश, आणि पुण्याच्या आयआयटीएमचे जी. बी. पंत यांनी तिथल्या ३३१ वर्षांच्या एका लवणस्तंभाचा अभ्यास २००४ मध्ये छापला. ३३१ वर्षं मागे म्हणजे शिवकाळ. त्या स्तंभाचे सगळ्यात जुने थर बसत होते तेव्हा महाराज हयात होते.

त्याहून मागे जायचं तर बस्तर. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात दंडक गुहा आहे. तिच्या लवणस्तंभावरून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा मान्सून मांडला. आणि त्यात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मान्सून पुन्हा पुन्हा कोलमडलेला दिसतो.

हा काळ ऐकून इतिहासवाल्यांचे कान टवकारले असतील. दुर्गादेवीचा दुष्काळ! १३९६ ला सुरू झाला आणि बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात ते लिहून ठेवलंय. गावंच्या गावं ओस पडली, किल्ले आणि डोंगर पुंडांच्या हाती गेले. मी शाळेत असताना सरांनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून मीच म्हणालो होतो, "सर, बारा वर्षं पाऊस नाही? काहीतरीच!" आणि खरं तर अभ्यासकांपुढेही हाच पेच होता. यंत्रांच्या दीडशे वर्षांत तीन-तीन, चार-चार वर्षं सलग देशभर मान्सून बुडालेला जवळपास दिसत नाही. जुन्या कागदांत मात्र असे दुष्काळ वारंवार येतात. मग दोनपैकी एकच खरं: एकतर जुने लोक वाढवून सांगत होते, किंवा आपली दीडशे वर्षंच नशिबाने चांगली गेली.

१६३०-३२ चा दुष्काळ घ्या. पीटर मंडी नावाचा इंग्रज तेव्हा सुरतेहून आग्र्याला निघाला होता, वाटेत मेलेल्या आणि मरणाऱ्या माणसांची जी वर्णनं त्याने लिहिली ती वाचवत नाहीत. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा याच दुष्काळात अन्नावाचून गेले असं आपली परंपरा सांगते. हे सगळे वाढवून सांगत होते?

गायत्री कथायत, आशिष सिन्हा वगैरे मंडळींनी २०२२ मध्ये याचाच निकाल लावायला मेघालयातली मावम्लू गुहा घेतली. तीच गुहा जिच्या एका लवणस्तंभावरून २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला "मेघालयन" हे नाव मिळालं. तो ४२०० वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या कोरड्या काळापासून सुरू होतो. त्यांनी तिथून गेल्या हजार वर्षांचा मान्सून अगदी बारीक तारखांसकट काढला. आणि दिसलं असं की सलग अनेक वर्षं चालणारे दुष्काळ गेल्या हजार वर्षांत पुन्हा पुन्हा आलेत, एकेकटे न येता कमी पावसाच्या काही दशकांच्या पट्ट्यांत गुंफलेले, आणि कागदांतल्या दुष्काळांशी त्यांच्या तारखा जुळतात. म्हणजे बखरीवाले आणि व्यापारी खरं बोलत होते. खिडकी आपली छोटी होती.

हे ऐकून मी सल्लागाराच्या एक्सेलकडे परत गेलो. त्यात मला आता नेमकी खोच दिसली. सरासरी चुकीची नव्हती. चूक अशी की त्यात प्रत्येक वर्ष सुटं धरलं होतं, नाणं उडवल्यासारखं: यंदा छापा पडला तर पुढच्या वर्षी काटा पडायची शक्यता तेवढीच. गुहा सांगते की मान्सून तसा वागत नाही. वाईट वर्षं घोळक्याने येतात. २०१४ आणि २०१५ अशी फक्त दोन वर्षं लागोपाठ तूट आली, तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

पनवेलचं गणित लातूरसारखं नाही हे मान्य. इथे पाऊस पावपट कमी झाला तरी दोन मीटरच्या वर पडेल आणि देहरंग धरण भरेलच. पण ते दर पावसाळ्यात भरतं आणि एप्रिल-मेपर्यंत तळ गाठतं. आम्हाला जे पाताळगंगेचं पाणी येतं, त्याचा मोठा भाग वरच्या लोणावळ्याकडच्या तलावांतून खोपोलीच्या वीजघरातून खाली आलेला. म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस बिघडला की तेही बिघडलं. आमचा खरा प्रश्न जूनमध्ये किती पडेल हा नाहीच, जून कधी येईल हा आहे. मान्सून वीस दिवस लांबला की आमचा हिशेब संपला. आणि हे मात्र दगड सांगत नाही. त्याला वर्ष कळतं, आठवडा कळत नाही.

म्हणून मी एवढंच केलं. वीस वर्षांच्या आकड्यांत मधे सलग तीन वर्षं कमी पावसाची आणि उशिरा मान्सूनची घातली, आणि शीट पुन्हा चालवली. पहिल्या वर्षी टाकीने निभावलं. दुसऱ्या वर्षीपासून बोअरवेल साथ सोडायला लागली, कारण बेसाल्टच्या फटींत मुळात पाणी थोडंच मुरतं आणि आधीच्या वर्षीचं भरून निघालेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मार्चपासून टँकर.

सेक्रेटरी काकांना दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीन बघत होते. मग म्हणाले, "हे तीन वर्षांचं तू कुठून काढलंस?" मी म्हणालो, मेघालयातल्या एका गुहेतून. त्यांनी चष्मा काढला. "मीटिंगमध्ये असं सांगू नकोस हां. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हण, लोकांना पटेल."

सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे, सकाळी अकरा वाजता, पार्किंगमध्ये. टाकी मोठी करायची की बोअरवेलचा वापर आतापासून निम्म्यावर आणायचा, यावर मतदान होईल. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा दोन्हीला विरोध आहे. काय झालं ते पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. तोवर तुमच्या सोसायटीत, गावात पाण्याचा हिशेब किती वर्षांच्या आकड्यांवर केलाय ते जरा विचारून बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू.